मेमरीचा गाळ : कर्नेलमधल्या दुरुस्त्या वाचताना

(चिपळूण इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



फलकावर आजचा विषय वाचून निम्मे लोक घरी जातील असं मला वाटलं होतं. तसं झालेलं दिसत नाही. पुढच्या रांगांत कॉलेजची मुलं आहेत, मागे निवृत्त शिक्षक आहेत, आणि व्याख्यान कशावरही असलं तरी येऊन बसणारी आपली नेहमीची मंडळीही आहेत. मुलांना काही गोष्टी माहीत असतील. त्यांनी पहिली दहा मिनिटं सांभाळून घ्यावं.

आज मी समीक्षा करणार आहे. कवितेची, कादंबरीची समीक्षा आपण ऐकतो. मी ज्या मजकुराबद्दल बोलणार आहे त्याला पॅच म्हणतात. चालू असलेल्या कोडमध्ये काय बदलायचं, हे सांगणारा तो छोटा मजकूर असतो. वर चार ओळीत कारण लिहिलेलं असतं, खाली कोडचा बदल. कित्येकदा बदल फक्त एका ओळीचा असतो. ही एक ओळ लिहिणारा काय समजून लिहितो आणि काय न समजता लिहितो, हा माझा आजचा विषय.

आधी कर्नेल म्हणजे काय ते थोडक्यात. कॉम्प्युटरवर जे प्रोग्रॅम चालतात त्या सगळ्यांच्या खाली एक मूळ प्रोग्रॅम असतो. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर काय लिहायचं, नेटवर्कमधून आलेलं कुणाकडे पोचवायचं, हे सगळं तो ठरवतो. तो कर्नेल. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्यात लिनक्स कर्नेल आहे. तो मुख्यतः सी भाषेत लिहिलाय. आणि सी भाषेचा नियम असा, की मेमरी मागून घेतलीत तर परत करायची जबाबदारी तुमची. कर्नेलमध्ये मागण्याच्या फंक्शनचं नाव केमॅलॉक, परत करण्याचं केफ्री. घेतली आणि परत केली नाही, की झाली मेमरी लीक.

साध्या प्रोग्रॅममध्ये अशी चूक झाली तर फार बिघडत नाही. तो प्रोग्रॅम बंद झाला की कर्नेल त्याची सगळी मेमरी काढून घेतो. भाडेकरू गेला, खोली रिकामी. पण कर्नेलनंच घेतलेली मेमरी कर्नेल विसरला तर ती कोण काढून घेणार? त्याच्यावर कुणी नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत ती अडकलेलीच.

शब्दाबद्दल थोडं

मराठीत आपण याला 'मेमरीची गळती' म्हणतो. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण चिपळूणच्या माणसानं तरी हा शब्द जरा तपासून घ्यायला हवा. गळतीत पाणी बाहेर जातं. टाकी रिकामी होते. मेमरी लीकमध्ये काहीच बाहेर जात नाही. मेमरी तिथेच असते, जागा अडवून. फक्त ती कुणाच्या उपयोगाची राहिलेली नसते आणि तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता कुणाकडे नसतो.

आपल्याकडे याला शब्द आहे. गाळ. वाशिष्ठीचं पात्र आहे तिथंच आहे, रुंदीही डोळ्यांना तेवढीच दिसते. पण तळाशी गाळ बसला की पात्रात मावणारं पाणी कमी होतं. रोज कळत नाही. उन्हाळ्यात तर अजिबात कळत नाही. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते मी या सभागृहात सांगायची गरज नाही. पूर येण्याला कारणं अनेक असतात, त्यात मी शिरत नाही. पण त्यानंतर याच गावातल्या लोकांनी गाळ काढा म्हणून उपोषण केलं, ते का केलं हे आपल्याला माहीत आहे.

गाळाची आणखी एक गोष्ट. तो साठतो खाली, पण येतो वरून. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

किती गाळ, किती दिवसांत

एक हिशेब करू. नदीकाठी पाण्याची पातळी मोजणारी एक छोटी पेटी बसवलीय असं समजा. आत लिनक्स आहे, मेमरी एकूण २५६ एमबी, त्यातली १२० एमबी मोकळी. सेन्सरकडून दर सेकंदाला एक आकडा येतो. ड्रायव्हरमध्ये चूक आहे आणि दर वेळी २५६ बाइट्स परत करायचे राहतात. २५६ बाइट्स म्हणजे काय? अगदी थोडा मजकूर. पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात. दिवसाला साधारण २२ एमबी झाले. मोकळी मेमरी साडेपाच दिवसांत संपली.

पुढे काय होतं ते बघा. मेमरी संपत आली की कर्नेल एखाद्या चालू प्रोग्रॅमला मारून जागा करायला बघतो. या यंत्रणेला ओओएम किलर म्हणतात. पण गाळ कर्नेलच्या स्वतःच्या भागात साठलाय. तो कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर नाही. मग मरतो कोण, तर त्यातल्या त्यात जास्त मेमरी वापरणारा एखादा निरपराध प्रोग्रॅम. समजा, आकडे वर पाठवणारा प्रोग्रॅमच मेला. पेटी चालू, दिवा हिरवा, आकडे बंद. लॉग बघणाऱ्याला त्या प्रोग्रॅमचं नाव दिसतं आणि तो त्या प्रोग्रॅमवर चिडतो. चूक करणारा वेगळा आणि शिक्षा भोगणारा वेगळा. म्हणून या दुरुस्त्यांकडे 'एक ओळीचं काम' म्हणून बघणं मला पटत नाही.

पहिला मजकूर : २०१६ ची एक ओळ

जानेवारी २०१६ मध्ये लिनक्समधला एक दोष जाहीर झाला. क्रमांक सीव्हीई-२०१६-०७२८. कर्नेलमध्ये किल्ल्या आणि पासवर्डसारख्या गुप्त गोष्टी ठेवायची एक सोय आहे, तिला कीरिंग म्हणतात. एकच कीरिंग अनेक जण वापरू शकतात, म्हणून तिच्यावर एक आकडा लिहिलेला असतो : सध्या किती जण वापरतायत. कुणी घेतली की एकानं वाढतो, सोडली की एकानं कमी. शून्य झाला की कुणालाच नको, मेमरी परत. वाचनालयात एकाच पुस्तकासाठी चार जणांनी नावं लावलेली असली तर ग्रंथपाल ते पुस्तक रद्दीत काढत नाहीत, तसंच हे.

चूक अशी होती. एखाद्या प्रोग्रॅमनं आपल्याकडे असलेलीच कीरिंग पुन्हा मागितली, तर कोड म्हणायचा, 'अरे, ही तर तुझ्याकडे आहेच', आणि परत फिरायचा. पण त्याआधी आकडा एकानं वाढवलेला असायचा, तो कमी करायचा राहायचा. बस्स, एवढंच. दुरुस्ती काय? त्या वाटेवर 'की पुट' या फंक्शनला बोलावणारी एक ओळ.

ही चूक २०१२-१३ च्या सुमाराच्या ३.८ आवृत्तीपासून होती. तीन वर्षं कुणी बघितली नाही, कारण दिसताना ती फक्त लीक होती. एक कीरिंग मोकळी होत नाही, एवढंच. पण तो आकडा ३२ बिटांचा होता. म्हणजे सुमारे ४२९ कोटींपर्यंत मोजता येतं, त्यापुढे तो पुन्हा शून्यावर येतो. स्कूटरच्या जुन्या मीटरसारखा. पर्सेप्शन पॉइंट नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी तो मुद्दाम फिरवून शून्यावर आणला. साध्या आय-७ मशीनवर अर्ध्या तासात. शून्य झाला म्हटल्यावर कर्नेलला वाटलं, कीरिंग कुणालाच नको, आणि त्यानं मेमरी मोकळी केली. प्रत्यक्षात ती वापरात होती. त्या मोकळ्या जागेत आपला मजकूर भरून साध्या वापरकर्त्याला पूर्ण मशीनचा ताबा मिळवता आला.

मजकूर म्हणून मला हा पॅच चांगला वाटतो. ओळ एकच आहे, पण ती लिहिणाऱ्याला त्या फंक्शनमधून बाहेर पडायच्या सगळ्या वाटा माहीत आहेत, आणि कुठल्या वाटेवर मालकी कुणाकडे गेली आणि कुठल्या वाटेवर ती आपल्याकडेच राहिली, हे कारण वाचल्यावर आपल्यालाही कळतं.

यातून कर्नेलवाल्यांनी पुढे जो धडा घेतला तो तर फारच बोलका आहे. २०१७ मध्ये, ४.११ आवृत्तीत, मोजणीसाठी 'रेफकाउंट' नावाचा वेगळा प्रकार आला. हा आकडा टोकाला गेला की पुन्हा शून्यावर येत नाही. तिथंच अडकून बसतो. म्हणजे ती मेमरी कधीच मोकळी होणार नाही. कायमची लीक! आणि हे मुद्दाम केलंय. अर्थ असा, की वापरात असलेली मेमरी चुकून मोकळी करण्यापेक्षा वापरात नसलेली तशीच अडकून पडलेली बरी. लीक वाईट, पण त्याहून वाईट गोष्ट आहे. लीक दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकानं हे टेबलावर लिहून ठेवावं.

दुसरा मजकूर : माझा

आता मी स्वतःच्या पॅचवर येतो. दुसऱ्यांची समीक्षा करायची आणि स्वतःची झाकायची, हे बरं नाही.

मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत होतो. नाव घेत नाही. स्टोरेजचं काम. पुण्यात त्या काळी कर्नेलचं बरंच काम चालायचं. केजीडीबी हा कर्नेल डीबगर अमित काळे आणि त्यांची लिनसिससॉफ्ट ही पुण्याची कंपनी सांभाळत होती. तो मुख्य कर्नेलमध्ये २००८ मध्ये २.६.२६ आवृत्तीत गेला. दोन मशीन सीरियल केबलनं जोडायची, एकावरून दुसऱ्याचा कर्नेल थांबवून आत बघायचं. आम्ही त्यावर रात्री काढल्या आहेत.

आमच्याकडे कोड तपासणारं एक टूल आणलं होतं. ते कोड चालवत नाही, नुसता वाचतं आणि शंका काढतं. त्यानं माझ्या ड्रायव्हरमध्ये एक लीक दाखवली. फंक्शनच्या सुरुवातीला मेमरी घेतलीय, मध्ये एक पायरी फसली तर कोड एरर देऊन परत फिरतो, आणि मेमरी परत करत नाही. स्वच्छ दिसत होतं. मी केफ्रीची एक ओळ टाकली. कारणाच्या जागी लिहिलं, 'एररच्या वाटेवरची मेमरी लीक दुरुस्त केली.' रिव्ह्यूमध्ये दोघांनी बघितलं, छान म्हणाले. टूलच्या यादीतला एक आकडा कमी झाला. मी त्या दिवशी असे चार आकडे कमी केले आणि खूश होऊन घरी गेलो.

तीन-चार आठवड्यांनी एका ग्राहकाकडचं मशीन कोसळलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी. कधी फाइल सिस्टिममध्ये, कधी नेटवर्कमध्ये. आमच्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाही. शोधायला दोघांना अकरा दिवस लागले. झालं होतं असं, की ती पायरी फसायच्या आधीच कोडनं 'हे काम जरा वेळानं कर' म्हणून एक काम रांगेत लावलं होतं. ते काम नंतर चालायचं आणि शेवटी तीच मेमरी मोकळी करायचं. म्हणजे लीक नव्हतीच. मालक तो होता, आणि मी मालकाच्या अपरोक्ष घर विकून टाकलं होतं. त्यानंतर मालक आला आणि त्यानं तेच घर दुसऱ्यांदा विकलं. दरम्यान तिथे तिसराच राहायला आला होता. त्याचा कोसळण्याशी काही संबंध नव्हता, पण कोसळला तोच. आणि हे घडायचं कधी, तर डिस्कच्या कपाटाची केबल सैल झाली तरच. म्हणून आमच्या टेस्टमध्ये ते कधी दिसलं नाही.

आमच्या एक सीनियर मॅडम होत्या. त्यांनी माझा पॅच वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "हे कुणाचं आहे, ते विचारलंस का?" मी गप्प. मी 'हे परत केलंय का' एवढंच विचारलं होतं.

दोष एकट्या माझा नव्हता. ज्यानं मूळ कोड लिहिला त्यानं 'ही मेमरी पुढे रांगेतलं काम मोकळं करेल' अशी एक ओळ टीप लिहिली असती तर मी थांबलो असतो. पण त्यानं लिहिली नाही आणि मी विचारलं नाही, अशा दोन आळसांची गाठ पडली.

तिसरा मजकूर : शेकडो सारख्याच दुरुस्त्या

आता एका पॅचऐवजी पॅचची आख्खी रास घेऊ. ही थेट मेमरीची लीक नाही, मोजणीची आहे, पण जात एकच.

कर्नेलमध्ये वापरात नसलेली उपकरणं झोपवतात, बॅटरी वाचावी म्हणून. उपकरण हवं असेल तेव्हा ड्रायव्हर 'पीएम रनटाइम गेट सिंक' असं एक फंक्शन बोलावतो. ते आकडा वाढवतं आणि उपकरणाला जागं करतं. जागं करणं फसलं तर एरर देतं. आता तुम्हीच सांगा, एखादी गोष्ट मागितली आणि 'मिळणार नाही' असं उत्तर आलं, तर तुम्ही ती परत करायला जाल का? नाही जाणार. पण हे फंक्शन एरर दिली तरी वाढवलेला आकडा तसाच ठेवतं. त्यामुळे एररनंतरही 'पुट' करावंच लागतं. हे न कळल्यामुळे कितीतरी ड्रायव्हरमध्ये तीच चूक. परिणाम काय, तर आकडा शून्यावर येत नाही आणि उपकरण झोपत नाही.

२०२० मध्ये याच्या दुरुस्त्यांचा पाऊस पडला. एकेका ड्रायव्हरमध्ये तीच ओळ, तेच कारण, नाव फक्त वेगळं. एकेक पॅच बघितला तर बरोबर आहे. पण रास बघितली तर समीक्षकानं विचारायला हवं, की एवढ्या हुशार लोकांनी एकच चूक केली, म्हणजे चूक लोकांची आहे की त्या फंक्शनची? शेवटी २०२० संपताना ५.१० आवृत्तीत 'पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट' हे नवं फंक्शन आलं. ते फसलं तर आकडा आपला आपण मागे घेतं. माणसाच्या अपेक्षेप्रमाणे वागतं.

मघाशी म्हटलं ना, गाळ येतो वरून. कर्नेलवाले मुख्य कोडला 'अपस्ट्रीम'च म्हणतात, वरच्या अंगाचा प्रवाह. खाली शंभर ठिकाणी फावडी चालवण्याआधी वर डोंगर का सुटतोय, हे बघणारा एक माणूस लागतो. अशा माणसाच्या नावावर पॅच एकच दिसतो आणि फावडेवाल्यांच्या नावावर शंभर. आकडे मोजून माणसाची किंमत करणाऱ्यांना हे कळत नाही, हे मला कडवटपणे म्हणावं लागतं.

चौथा मजकूर : विश्वासाची गोष्ट

छोट्या दुरुस्तीकडे रिव्ह्यू करणारा कसा बघतो? 'लीक दुरुस्त केली' असं वाचलं की त्याचं मन आधीच अनुकूल होतं. मुलगा चांगलं काम करतोय, ओळ एकच आहे, घेऊन टाकू. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमक्या या मनोवृत्तीवर प्रयोग केला. किरकोळ दोष सुधारणारे वाटतील, पण आतून मेमरीचा नवा धोका तयार करतील असे मोजके पॅच त्यांनी खोट्या नावांनी पाठवले आणि त्यावर निबंध लिहिला. एप्रिल २०२१ मध्ये, त्याच विद्यापीठातून टूलनं काढलेले आणखी काही निरुपयोगी पॅच आल्यावर, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे सगळे पॅच घेणं बंद केलं. संशोधकांनी जाहीर माफी मागितली, निबंध परत घेतला.

पुढे मे २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळानं त्या विद्यापीठाकडून आधी आलेले ४३५ पॅच पुन्हा तपासून अहवाल दिला. मला या अहवालातला एक आकडा महत्त्वाचा वाटतो. ४३५ पैकी बहुतेक बरोबर होते, पण ३९ चुकीचे निघाले आणि ते दुरुस्त करावे लागणार होते. हे फसवणुकीचे नव्हेत. हे चांगल्या मनानं पाठवलेले. फसवणुकीबद्दल सगळं जग बोललं. चांगल्या मनानं केलेल्या चुकांबद्दल फार कुणी बोललं नाही. माझ्यासारख्या, ज्यानं चांगल्या मनानं मशीन पाडलंय, त्या माणसाला मात्र हाच आकडा बोचतो.

याच काळातली एक उलट बाजूही सांगतो. २०१९ मध्ये एररच्या वाटेवरच्या कितीतरी लीकना सुरक्षेचा दोष म्हणून सीव्हीई क्रमांक मिळाले. त्यातल्या काहींवर हरकत घेतली गेली, आणि हरकत रास्त होती. ड्रायव्हर सुरू होताना मेमरी मिळालीच नाही तर होणारी लीक हल्लेखोर मनात आणून घडवू शकत नाही. ती आयुष्यात एकदा होईल, शंभर बाइट्स जातील. दर पाकिटाला, दर सेकंदाला होणारी लीक वेगळी. दोन्हींना एकाच तराजूत घालणं म्हणजे तुळशीवृंदावनातली माती आणि नदीतला गाळ एकच म्हणण्यासारखं आहे.

उपाय, आणि उपायांची मर्यादा

मग करायचं काय? साधनं आहेत, आणि चांगली आहेत.

२००९ मध्ये केमेमलीक आलं. ते कर्नेलच्या मेमरीतून फिरतं आणि कुणाचाच हात ज्यांच्यापर्यंत पोचत नाही असे तुकडे शोधून दाखवतं. दाखवतं फक्त, मोकळे करत नाही. हा त्याचा शहाणपणा. कारण ते कुणाचे हे त्याला माहीत नाही.

२००७ पासून 'डेव्हएम' घराण्याची फंक्शन्स आहेत. मेमरी उपकरणाच्या नावावर घ्यायची, उपकरण गेलं की आपोआप मोकळी. शेकडो ड्रायव्हर त्यामुळे स्वच्छ झाले. पण उपकरण काढलं तरी एखाद्या प्रोग्रॅमनं त्याची फाइल उघडी धरलेली असू शकते. मेमरी गेली आणि वापरणारा अजून आहे! २०२२ च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत यावर खडाजंगी झाली. परिषदेचं नावच प्लंबरांचं आहे बघा, तिथं गळतीवर बोलायचं नाही तर कुठं.

२०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत अशी सोय आली, की फंक्शनमधून कुठल्याही वाटेनं बाहेर पडलात तरी मेमरी आपोआप मोकळी होईल. आणि मेमरी पुढे कुणाला द्यायची असेल तर ते कोडमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. मला हे शेवटचं जास्त मोलाचं वाटतं. मालकी बदलली हे आता वाचणाऱ्याला दिसतं. रस्ट भाषा ६.१ आवृत्तीपासून कर्नेलमध्ये आहे. तिथे मालकीचा नियम कम्पायलरच पाळायला लावतो. मोकळी केलेली मेमरी वापरणं जवळजवळ अशक्य होतं. पण लीक होणारच नाही, असं वचन रस्टही देत नाही. दोन वस्तूंनी एकमेकांना धरून ठेवलं की दोन्ही तिथेच राहतात.

प्रत्येक साधन मॅडमच्या त्या प्रश्नाचं थोडंथोडं उत्तर देतं. हे कुणाचं? कधीपर्यंत? आणि कुणाच्या स्वाधीन केलं? तो प्रश्न विचारायचं काम मात्र कुठल्याच साधनानं आपल्याकडून काढून घेतलेलं नाही.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*मला कर्नेलमध्ये पहिला पॅच पाठवायचाय. सुरुवात लीकपासून करू का?*

कर. पण टूलची यादी घेऊन सुरुवात करू नकोस. व्हर्च्युअल मशीनवर केमेमलीक चालू करून कर्नेल बांध. 'फेलस्लॅब' नावाची सोय आहे, ती मेमरी मुद्दाम नाकारते. त्यामुळे एररच्या वाटा खरोखर चालतात. लीक झालेली डोळ्यांनी बघ, दुरुस्तीनंतर गेलेली बघ. आणि कारणात तीन गोष्टी लिही : मेमरी कोण घेतं, मोकळी कोण करायला हवी होती, कुठल्या बदलापासून हे बिघडलं. ही तीन वाक्यं लिहिता आली नाहीत तर पॅच पाठवू नकोस. मला लिहिता आली नसती.

*मशीन आठवड्यातून एकदा बंद-चालू केलं की सगळं साफ होतं ना? मग एवढा खटाटोप कशाला?*

सर, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरला ते चालेल. कितीतरी ठिकाणी खरंच तेच करतात, रविवारी पहाटे रीबूट. पण मघाची नदीकाठची पेटी आठवा. ती आषाढात बंद पडली, रस्ता पाण्याखाली आहे, तर बटण दाबायला जाणार कोण? पाऊस कमी असताना आकडे संथ येतात, लीकही संथ होते. पाणी चढायला लागलं की मोजणी वाढवतात, लीकही त्या वेगानं वाढते. म्हणजे पेटी नेमकी गरजेच्या दिवशी दगा देणार.

*आता एआय पॅच लिहून देतं. मग तुम्ही सांगितलेलं सगळं तेच बघेल का?*

लिहून देतं, आणि माझ्या त्या पॅचइतका तरी नीट देतं. रिव्ह्यूमध्ये कुणी विचारलं, 'हे कुणाचं?', तर उत्तर तुमच्याकडे हवं. पॅचखाली सही तुमची असते. उत्तर येत असेल तर कशानंही लिहा. येत नसेल तर आधी मूळ कोड लिहिणाऱ्याला मेल करा आणि विचारा. लोक उत्तर देतात. मी अकरा दिवसांनी विचारलं, तेव्हा त्या मूळ लेखकानं दहा मिनिटांत उत्तर दिलं होतं.